शास्त्रीच्या काठाने सायकलवर

२ नोव्हेंबर, सकाळी ६
ठरलं. देवदिवाळीला गावी सायकलने जायचं. रत्नागिरी, निवळीचा घाट, संगमेश्वर, कसब्याची जुनी देवळं, तिथून शास्त्री नदीच्या काठाकाठाने फुणगूसच्या अलीकडे आमचं गाव. साठेक किलोमीटर. वय सत्तावन्न, पण मनाने फिट.
महिपतदादाला फोन केला. मे महिन्यात त्याचा खुबा मोडला तेव्हा तो अकरा दिवस इथेच रत्नागिरीत अ‍ॅडमिट होता. माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. मी गेलो नाही. आधी ऑडिट होतं. मग सर्दी झाली, आणि सर्दी घेऊन पेशंटकडे जाणं बेजबाबदारपणाचं. नंतर इतके दिवस झाले की जायची लाज वाटली. साठ किलोमीटर पायडल मारलं की हे सगळं धुऊन निघेल.
दादा खूश. म्हणाला, ये रे आत्म्या, मी वहाळावरच्या साकवापर्यंत, त्या छोट्या पुलापर्यंत, काठी टेकीत येतो तुला घ्यायला.

५ नोव्हेंबर
सराव सुरू. भाट्याच्या पुलापर्यंत झकास गेलो. येताना तोच उतार चढ झाला होता. सायकल हातात धरून आलो. चालणं हाही व्यायामच.

९ नोव्हेंबर, रविवार
घाटाची ट्रायल होती. पहाटे उठलो. धुकं. धुक्यात ट्रकवाल्यांना सायकल दिसत नाही. दीपाली म्हणाली, धुकं नऊला जातं. पण नऊला ऊन येतं. बायकोला हे समजावण्यात दहा वाजले.
दुपारी हेल्मेट आणलं.

१४ नोव्हेंबर
दमयंतीवहिनीचा फोन. दादा रोज साकवापर्यंत जायची प्रॅक्टिस करतो म्हणे. काल वाटेत दोनदा बसावं लागलं. वहिनी म्हणाली, भावोजी, नक्की येताय ना, नाहीतर आत्ताच सांगा, मी त्यांना घरात थांबवते. मी सांगितलं, आज बावीस किलोमीटर झाले.
चार झाले होते. बावीस टार्गेट होतं.

१८ नोव्हेंबर
दादाने गावभर सांगून ठेवलंय. गुडघा दुखतोय. दीपाली म्हणते, सरळ सांगा आणि एसटीने जा, सख्खा भाऊ आहे. तिला तत्त्वाचा प्रश्न कळत नाही.

२१ नोव्हेंबर, दुपारी ४, गावी
प्लॅनमध्ये किरकोळ बदल. सायकल एसटीच्या टपावर टाकली आणि गावाच्या दीड किलोमीटर अलीकडे उतरलो. म्हणजे नदीकाठाचा महत्त्वाचा भाग सायकलवरच झाला. दरी सुंदर असावी. धाप लागल्यामुळे नीट बघता आली नाही. घाम कमी वाटला म्हणून तोंडावर पाणी मारलं.
एकच चूक झाली. कंडक्टर आमच्याच गावचा निघाला, भागोजीचा नितेश. सायकल उतरवताना म्हणाला, काका, पंक्चर झाली काय? मी हो म्हणालो. दोन्ही चाकं टणक होती.
साकवावर दादा उभा होता. वहिनीने शेजारी खुर्ची ठेवली होती. तो बसला नव्हता.

२२ नोव्हेंबर, रत्नागिरी
काल संध्याकाळी देवळात गाऱ्हाणं झालं. गावाच्या वतीने गुरव देवाशी बोलतो आणि त्याच्या दर वाक्याला सगळे व्हय म्हाराजा म्हणतात. दादाने त्यात माझं नाव घालायला सांगितलं होतं. गुरव म्हणाला, बा देवा म्हाराजा, ह्यो आत्माराम रत्नागिरीसून सायकल हाकीत भावासाठी आलाय, त्याच्या भावाचा पाय बरा कर रे म्हाराजा.
व्हय म्हाराजा. सगळ्यात मोठा आवाज नितेशचा.
मी मान खाली घातली. लोकांना ती भक्ती वाटली.
घरी येताना मी दादाला म्हणालो, तो नितेश आहे ना. दादा म्हणाला, त्याने दुपारीच फोन केलान्, तुझी पिशवी गाडीत राहिलीय. मी विचारलं, मग देवासमोर कशाला सांगायला लावलंस? तो काठी टेकत चार पावलं चालला. मग म्हणाला, हॉस्पिटलात बाजूच्या खाटेवरच्यांना पण मी तेच सांगायचो, भाऊ रोज येऊन जातो, मी नेमका झोपलेला असतो. तुझी वहिनी पण व्हय म्हणायची.
आज एसटीने परत आलो. सायकल वर, मी आत.
नेहमीसारखं कारण लिहायला वही उघडली. अर्धा तास झाला, सुचत नाही.