मा कालच पे पिचोर

पपा, किचनच्या छताची खरी किंमत तुम्हाला सांगतो. प्लास्टरवाल्याचं बिल ठरल्याप्रमाणेच झालं, त्यात तक्रार नाही. वर चार दिवस टेकअवे, तुमच्या सुनेची लोणच्याची एक बरणी, आणि तुमची मॅच. मॅच सगळ्यात महाग पडली.

मॅच म्हणजे तीच. रुमानियाची एक फुटबॉल टीम मुंबईत खेळायला आली होती, तुम्ही मिलच्या टीमचे फुलबॅक, पायात गोलकीपरचे उसने बूट, दोन नंबर मोठे. त्यांच्या सेंटर फॉरवर्डला अडवायचं काम तुमच्याकडे. "सेकंड हाफमध्ये एकही गोल मारू दिला नाही त्याला," हे तुम्ही पाहुण्यांना चहाच्या आधी सांगायचात. चहानंतर, त्याने मैदानात तुमच्या कानाशी म्हटलेलं वाक्य: "मा कालच पे पिचोर." त्यातला 'कालच' आपला, 'चोर'ही आपलाच, म्हणून अर्थ तुम्हीच लावलात: कालच ऐकलं होतं, बॉल चोरणारा तो हाच. मी दहा वर्षांचा असताना विचारलं होतं, "आणि फर्स्ट हाफमध्ये?" तुम्ही म्हणालात, "जेवताना बोलू नये." जेवण अजून वाढलंही नव्हतं.

त्या माणसाची सगळी कारकीर्द आपल्या दोन खोल्यांत झाली. रेल्वे वर्कशॉपच्या टीममधून तो लष्कराच्या क्लबात गेला, तुम्ही पेढे आणलेत. नॅशनल टीममध्ये नऊ नंबर मिळाला, तेव्हा म्हणालात, "माझ्यासमोर खेळून सुधारला." पुढे त्याचे गोल आटले, तर "माझी धास्ती." टीममधून काढल्याचं कळलं त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, आणि आई म्हणाली, "त्याच्या आईने तरी उपास धरलाय का?" शेवटी खाणकामगारांच्या कुठल्याशा गावात तो कोच झाला. "आता पोरांना माझं सांगेल," म्हणून तुम्ही शेवटचं कात्रण अल्बममध्ये चिकटवलंत.

मीही कमी नाही. साउथहॅम्प्टनला बंदरावरच्या कॅन्टीनमध्ये कांदे कापायच्या नोकरीसाठी उभा होतो, मॅनेजर फुटबॉलवेडा निघाला. त्याला तुमचा सेकंड हाफ सांगितला, सोमवारपासून कामावर. आज माझी स्वतःची तीन किचनं आहेत, पाया तोच.

परवा प्लास्टरवाला शिडीवरून उतरत होता. तो रुमानियाचाच. मी चहा घेऊन पुढे झालो, आणि तो कळवळून म्हणाला, "मा काल्च पे पिचोर." माझा कान किती तिखट ते तुम्हाला माहीत आहे, बंद दाराआडून कुठली कढई लागतेय ते मला ऐकू येतं. कप हातात तसाच राहिला.

"काय म्हणालास?"

"काही नाही, बॉस. तू माझ्या पायावर उभा आहेस."

"ते कळलं. पण म्हणालास काय?"

"तेच. पायावर उभा आहेस. अजूनही."

मग मी अल्बम काढला. त्या मॅचचं कात्रण खालून दुमडून चिकटवलेलं आहे, हे इतक्या वर्षांत मला दिसलं नव्हतं. कान तिखट, डोळ्यांचं काय. किटलीच्या वाफेवर धरलं तशी घडी सुटली.

रविवारी लंडनमधल्या स्टॅनमोरच्या हॉलमध्ये तुमच्या माघारी तुमच्या शंभराव्या वाढदिवसाचं जेवण आहे. साठ माणसं ग्लास उचलून ते वाक्य एका सुरात म्हणणार, दरवर्षीसारखं. तुमची सून विचारते, "खरं सांगणार आहात का?" मी दोन भाषणं लिहिली, एक खरं आणि एक तुमचं. त्यात प्लास्टरवाल्याला मी आधीच बोलावून बसलोय. काल त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "येतो, बॉस. उच्चार तेवढा नीट करून घेऊ सगळ्यांचा."

तुमचंच भाषण करणार आहे, पपा. मला दुसरं येतच नाही. कात्रण होतं तसं दुमडून परत चिकटवलं, तुमच्यापेक्षा जरा नीट, आणि हे पत्र त्याच पानामागे सरकवतोय. घडीच्या आत दोनच ओळी आहेत. पहिल्या हाफमध्ये सेंटर फॉरवर्डचे तीन गोल. पायाला दुखापत झाल्याने दुसऱ्या हाफमध्ये तो खेळला नाही.