जाड टायरला कॅरिअर

३ नोव्हें., सोम.
काल संध्याकाळी सु.ला मनालीकडे सोडून आलो. येताना बस माजिवड्याला पाऊण तास एकाच जागी. ड्रायव्हरसुद्धा खाली उतरून चहा पिऊन आला.
नातीला, इराला सांभाळायला सु. लेकीकडे गेली त्याला वर्ष झालं. सोम. ते शुक्र. घोडबंदर, शनि.-रवि. डोंबिवली. ठरलं होतं पहिल्या वाढदिवसापर्यंत. तो ऑगस्टमध्ये झाला. मग इराची दुसरी आजी येणार होती, तर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. आता मनाली म्हणते, नर्सरीपर्यंत. सु. काहीच म्हणत नाही. मीही विचारत नाही.
फ्रीजमध्ये पाच डबे, वर चिकटवलेले वार. सोमवार म्हणजे दुधी. मला आवडत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच सोमवारी. आठवड्याची सुरुवात वाईट झाली की पुढचं गोड लागतं, असं तिचं गणित. खाल्ला.

७ नोव्हें., शुक्र.
सकाळी माणकोली पुलावर फिरायला. तिथे एक जण जाड टायरच्या सायकलवर. टायर कसला, मोटरसायकलचा शोभेल असा. पुलाच्या सांध्यावरून गेला तरी गाडी हलली नाही.
पहिला विचार आला तो हा: हे चाक रुळाच्या फटीत जाणार नाही.
लग्नानंतर वर्षभर मी सु.ला रोज कॅरिअरवर बसवून स्टेशनला सोडायचो. एका बाजूला पाय, हात सीटखालच्या स्प्रिंगला. माझ्या कंबरेला धरायची नाही, चाळीतल्या बायका बघतात म्हणून. एक दिवस ठाकुर्लीच्या फाटकात पुढचं बारीक चाक रुळाच्या फटीत गेलं. दोघं आडवे. तिचा कोपर फुटला. "काही नाही झालं हो," म्हणाली आणि पदराने रक्त पुसलं. पण परत बसली नाही. मी "बस" म्हणालो नाही. पुढे स्कूटर आली आणि विषय संपला.
संपला कसला. चौतीस वर्षांनी पुलावर उभा राहून तेच आठवतोय.

१५ नोव्हें., शनि.
इराला ताप. सु. आली नाही. डबे नाहीत, बाहेर मिसळ खाल्ली.
मोबाइलवर बघून ठेवलेली जुनी जाड टायरवाली सायकल आणायला आंबिवलीला गेलो. स्वस्तातली. विकणाऱ्या बाईच्या नवऱ्याने पोट कमी करायला घेतली, चार दिवस चालवली, नंतर तिच्यावर टॉवेल वाळत. बाई म्हणाली, "नेवा काका एकदाची. घरान पाय ठेवाला जागा नाय." नवरा आत टीव्हीसमोर. पोट होतं तसंच.
आंबिवलीहून शहाड, कल्याण करत चालवत आणली. गाडी अंगाने म्हैस. ब्रेक दाबला की किंचाळते, थांबते मात्र पुढच्या दुकानाशी. पत्री पुलाचा चढ पायी. एकसष्टाव्या वर्षी लोक बघतात, बघू देत. उतारावर पाय सोडले आणि जोरात हसलो. एकट्याने.
सु.ला फोनवर काही बोललो नाही. ताप उतरला म्हणाली.

१८ नोव्हें., मंगळ.
गाडी कदमच्या दुकानात. जुनी सायकलही हाच दुरुस्त करायचा, तेव्हा केस होते. ब्रेकचे पॅड बदलले. प्लॅस्टिकची पेडल काढून लोखंडी घातली. टायरमध्ये हवा ठासून भरली होती, म्हणून उडत होती. ती कमी केली. इथवर ठीक. मग मी कॅरिअर आणि स्प्रिंगवालं सीट सांगितलं.
"परब, ही पोरांची गाडी आहे. हिला कॅरिअर लावलं तर लोक माझ्या दुकानाला हसतील."
"मग बोर्ड झाकून ठेवा."
"बसणार कोण पण?"
त्याने माझ्याकडे बघितलं आणि आतून सीट काढून आणलं. चांगला माणूस आहे, फक्त तोंड मोठं.
तयार कॅरिअर बसत नाही. मागचं चाक इतकं जाड की कॅरिअरचे पाय फाकवावे लागतात. एमआयडीसीत एकतीस वर्षं मेंटेनन्स केलं ते काय वाया जाणार? पाइप आणला. माप घेतलं. वेल्डिंग ओळखीच्या वर्कशॉपात, माझ्या हाताने. शिवाय तिला पाय टेकायला एक पट्टी. पूर्वी नव्हती. तेव्हाच असायला हवी होती.

२३ नोव्हें., रवि.
सु. दोन दिवस घरी होती. सायकल कदमकडे लपवलेली.
मनालीच्या सोसायटीत बायकांचं भजनी मंडळ आहे. हिला पेटी येते हे कळल्यावर त्यांनी सु.ला पेटीवर बसवलं. सांगताना बोटं ओट्यावर चालत होती. लग्नानंतर पेटी सुटली होती. आमच्या दीड खोलीत पेटी ठेवणार कुठे, असं मीच म्हणालेलो.
"छान," म्हणालो.
आजवर वाटायचं, ती तिकडे अडकलीय. आज पहिल्यांदा वाटलं, तिला तिकडे बरं वाटत असेल तर? मग मी हे कॅरिअर कोणासाठी जोडतोय?
फार आठवण येते गं तुझी, एवढं एक वाक्य. ती समोर बसून मटार सोलत होती. नाही आलं माझ्या तोंडून.

३० नोव्हें., रवि.
मंडळाचा कार्यक्रम, म्हणून सु. या आठवड्यात येणार नव्हती. उजाडल्यावर निघालो. माणकोली पूल, मग हायवे, कडेकडेने. ट्रकवाले हॉर्न देत, मीही घंटी देत. माजिवड्याला सिग्नलवर पाय टेकून दम खाल्ला.
सोसायटीच्या गेटवर वॉचमनने डिलिव्हरीवाला समजून वहीत सही करायला लावली.
मनाली इराला घेऊन खाली. "बाबा, हायवेवरून आलात? या वयात?" खूप बोलली. बरोबरच होतं तिचं.
मागून सु. आली. गाडीभोवती एक चक्कर मारली. कॅरिअर बघितलं. पाय टेकायची पट्टी बघितली. मग वाकून सीटखालची स्प्रिंग.
"अहो, काय हे!"
"बस."
एकच शब्द. चौतीस वर्षं राहिलेला.
मनाली "आई, नको" म्हणत असतानाच बसली. कंपाउंडात एक फेरी, बागेला वळसा घालून. हँडल जड झालं होतं, पण गाडी डगमगली नाही. भजनी बायका बाकावर बसून बघत होत्या. अर्ध्या वळणावर तिचा हात स्प्रिंगवरून सुटला आणि माझ्या कंबरेला आला. मी मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर पडलो असतो.
गेटपाशी इरा रडायला लागली. सु. उतरली, तिला घेतलं. साडी नीट करत म्हणाली, "याच्यावर गादी लावा. लांबचं बसायला टोचेल."
लांबचं म्हणजे कुठवर, ते विचारायचं राहिलं. परतीला सायकल टेम्पोत घातली, मनालीची अट.

४ डिसें., गुरु.
गादी झाली. जुन्या सोफ्याचं रेक्झीन, आत फोम. कदमने कडेला शिवण मारून दिली, हसला नाही.
दुपारी फोन केला. इरा झोपली होती.
"गादी झाली."
"जाड आहे ना?"
"चार बोटं."
तिकडे खाली कोणीतरी पेटीचा सूर धरून बघत होतं.
"पेटी ठेवायला जागा केलीय," म्हणालो. "खिडकीजवळ. कपाट सरकवलं. तू ये."
ती म्हणाली, "हं."
हिचे सगळे 'हं' मला पाठ आहेत. होकाराचा, रागाचा, लक्ष नसतानाचा. हा नवीन होता. दुपारपासून लावून बघतोय, कशातच बसत नाही.
मागच्या चाकात हवा कमी वाटते. शनिवारच्या आत भरून ठेवतो.