बर्फातलं सॅम्पल

३ तारीख, सकाळ.
डॉक्टरीणबाईंनी माझी टेस्ट लिहून दिली. माझी! आम्ही सात भावंडं, घराण्यात मूल न होण्याची तक्रारच नाही, असं मी शांतपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, भावंडांची नाही, तुमची. हिचं दुर्बिणीचं ऑपरेशन चोवीसला आहे, त्याआधी रिपोर्ट हवा. तीन वर्षांपूर्वी मी तोंडी सांगितलं होतं की टेस्ट झाली, नॉर्मल आहे. केली नव्हती, पण नॉर्मल तर होतोच. आता म्हणे कागद पाहिजे.
ठराव : उद्याच सॅम्पल देणार. एकवीस वर्षं डेअरीत दूध तपासतोय, सॅम्पल म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये.

४ तारीख.
नाही दिलं. डेअरीत टँकर खोळंबले होते. दोनच होते, पण खोळंबले होते. लॅबवालीने फोनवर सांगितलं, दोन ते सात दिवस संयम पाळून या. हे किरकोळ लोकांसाठी. आपण चौदा पाळू. माल साठला की आकडा वाढणारच.

१२ तारीख.
संयम चालू. हिच्या लक्षातही आलं नाही.

१७ तारीख.
सॅम्पल घरीच काढलं. डबी सीलबंद, वर नाव-तारीख-वेळ, थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फ, वर बर्फ. लॅबवालीने पेटी उघडली आणि आतल्या मुलीलाही बघायला बोलावलं. असं काम तिने पाहिलं नसणार.

१८ तारीख.
रिपोर्ट : हालचाल शून्य. लॅबवाली म्हणते, बर्फाने गारठले सगळे. डबी अंगाच्या उबेत, खिशात ठेवून तासाभरात आणायची असते. चौदा दिवस थांबणंही चूकच. हे सगळं दिलेल्या कागदावर छापलंय म्हणे. असेल. अक्षर किती बारीक! आता परत द्यायचं. रिजेक्ट झालेला टँकरवाला दुसरं सॅम्पल घ्या म्हणून गयावया करतो, तेव्हा मी मान वर करत नाही. आज मीच काउंटरवर उभा होतो.

२१ तारीख.
लॅबमध्येच दिलं. लहानशी खोली, एक खुर्ची, कडी अर्धवट लागणारी. बाहेर कोणीतरी सारखं खोकत होतं. तरी दिलं. मला दाद द्यायला हवी.

२२ तारीख, संध्याकाळ.
साठ लाख! एका मिलिलिटरमध्ये साठ लाख शुक्राणू! लागतो एकच. हिला ओरडून सांगितलं. हिने चष्मा लावून शेजारचा रकाना वाचला : किमान एक कोटी साठ लाख. तो रकाना मी बघितलाच नव्हता. आकार चांगला असलेले शंभरात दोन. पास व्हायला चार लागतात. आमच्याकडे शंभरात चार पिशव्या धड निघाल्या तर मला घरी बसवतील! असली मापं कोण ठरवतं? मशीन तपासलंय का, म्हणून लॅबला फोन केला. डोळ्यांनी मोजतो म्हणाली. वैताग नुसता.

२३ तारीख, दुपार.
डॉक्टरीणबाईंनी समजावलं. एका रिपोर्टवर निकाल लागत नाही. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा परत टेस्ट. तोवर तंबाखू बंद, आणि उष्णता नको म्हणून डेअरीतली माझी खुर्ची वाफेच्या पाइपापासून हलवायची. अकरा वर्षांची जागा! हिचं ऑपरेशन तूर्त थांबवलं. मग त्यांनी हिच्या फाइलचं दुसरं पान उघडलं आणि सहज विचारलं, तीन वर्षांपूर्वीचा तुमचा नॉर्मल रिपोर्ट आणता का, तुलना करता येईल. मी म्हणालो, शोधतो. हिने माझ्याकडे बघितलं. एकवीस वर्षांत तोंडी सांगण्यावर एक टँकर मी आत घेतला नाही, हे हिला माहीत आहे. घरापर्यंत रिक्षात ही फाइलमधले कागद मोजत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२४ तारीख.
ही बहिणीकडे गेली. ऑपरेशनसाठी भरलेलीच बॅग घेऊन. तीन वर्षांची इंजेक्शनं, नळ्यांचे एक्स-रे, या सगळ्याची सदतीस कागदांची फाइल मात्र टेबलावर ठेवून गेली. माझा एक कागद त्यात सगळ्यात वर लावलाय. कधी येणार, विचारलं. दारातून म्हणाली, “तीन महिन्यांनी रिपोर्ट येईल ना, तो पाठव. तोंडी नको.”