आमच्या गिरणीची सरळ रेघ

४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आमच्या वनखात्यात सगळ्या आरागिरण्यांचे वार्षिक तक्ते आले, तुमचा तेवढा नाही. वर्षभरात किती लाकूड कापलं, हा एक आकडा लिहायला मुहूर्त कसला शोधताय? पोटच्या पोरीच्या कार्यालयाला ताटकळत ठेवता म्हणजे कमाल झाली!

यंदाही आलेखाचं चित्र तेच. कागदाच्या आणि प्लायवूडच्या कारखान्यांची रेघ वर चढतेय, आरागिरण्यांची घसरतेय. पाच वर्षं सरळ राहिलेली रेघ एकच, आपली. दर साल तीनशे घनमीटर. साहेबांना मी ऐटीत सांगते, ही आमची गिरणी.

गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं, नदीपलीकडचं राखीव जंगल आपल्या गिरणीसाठी ठेवायचं की प्लायवूडवाल्यांना द्यायचं. गिरणीला लाकूड पुरतंय, असं मी तुमच्या आकड्यांवरून लिहून दिलं. जंगल त्यांना गेलं.

गुडघा कसा आहे ते कळवा. पण आकडा आधी.

तुमची,
ठकी

१५ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. अगं बाई, काय करून बसलीस! नाही, चुकलो. मीच करून बसलो.

तीनशे खरं होतं ते फक्त पहिल्या साली. तुला नुकती नोकरी लागली होती, आणि तू लिहिलं होतंस, की ढीगभर कागदांत आपल्या गिरणीचा आकडा दिसला आणि घरी आल्यासारखं वाटलं. पुढल्या साली लाकूड कमी आलं. खरं लिहायला हात धजेना. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, पुढच्या वर्षी भरून काढू. तशी चार वर्षं गेली.

त्या जंगलावरच आस लावून बसलो होतो. तुझ्या मामाने तीस वर्षं आपला आरा चालवला. त्याने पातं उतरवून, तेल लावून गुंडाळून ठेवलंय. जंगल मिळालं की चढवायचं म्हणतो. त्याला कोणत्या तोंडाने सांगू? तुझ्याकडून काही होईल का, बघ.

तुझा,
बाबा

२४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

चार दिवस पेन उचलवलं नाही. खूप राग आला तुमचा, खोटं कशाला बोलू? मग साहेबांकडे गेले. ते म्हणाले, सह्या झाल्या, आता ब्रह्मदेव आला तरी काही होणार नाही.

खरे आकडे पाठवा. जुने तक्ते मीच दुरुस्त करणार आहे. साहेब दुसऱ्या कुणाला द्यायला तयार होते, मी नको म्हटलं. पन्नासच्या खाली गेलेल्या गिरणीचं नाव यादीतून निघतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेही मीच खोडेन.

पण बाबा, मला घरी आल्यासारखं वाटावं म्हणून हे केलंत? अहो, मी खरंच घरी आले असते की! पाच वर्षांत दोनदा आले. आकडा बघायचे आणि निर्धास्त राहायचे. कुठे डोकं आपटू, सांगा.

ठकी

३ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

मामाला सांगितलं. त्याने पातं उघडलं, पुसलं, पुन्हा गुंडाळलं. दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

आकडे घे. तीनशे, एकशे नव्वद, एकशे वीस, सत्तर, एकतीस. यंदाचा रकाना कोरा ठेवू नकोस, तिथे अर्धा घनमीटर लिही. एक ओंडका कापला होता. उन्हाळ्यात येते म्हणाली होतीस, म्हणून तुझ्या खोलीला नवं दार केलं. तुला जमलं नाही. दार चांगलं झालंय, जराही करकरत नाही.

नाव खोडताना रडू नकोस, शाई पसरते. सुटी मिळाली तर ये.

लोभापायीच हे सगळं झालं, तरी तो कमी करू नकोस.

तुझा,
बाबा