‘शक्यतो’ हा शब्द मी घातला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसाठ, काम संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याचे, लग्न केलेले नाही, सख्खे माणूस म्हणजे एक थोरली बहीण. आज माझ्या राहत्या घरी टेबलाशी बसून, डोके ताळ्यावर असताना, कोणाच्या भिडेने किंवा धाकाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने मी हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझ्या फुफ्फुसांबद्दल डॉक्टरांनी जे सांगितले ते मला नीट समजले आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते, पण एक गोष्ट मी गाळली होती.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचे माझे दोन खोल्यांचे घर आतल्या सामानासकट ताईला मिळावे. पुढे त्याचे काय करायचे ते तिने ठरवावे. जिन्याच्या कठड्याला प्रत्येक मजल्यावर मी गोल डोक्याचे खिळे ठोकून घेतले आहेत: पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. ताईच्या हाताला मजला कळावा म्हणून. इमारतीच्या सेक्रेटरींनी त्याबद्दल मला दोन नोटिसा दिल्या आहेत. नोटिसा डाव्या ड्रॉवरमध्ये आहेत. खिळे काढू नयेत.

कलम २. बँकेत जे काही असेल तेही ताईचे. मात्र त्यातून आधी माझ्या प्रकल्पाच्या वेबसाइटचे नाव आणि सर्व्हर यांचे पुढच्या दहा वर्षांचे भाडे बाजूला काढावे. माझा मसुदा कायद्याच्या भाषेत उतरवून घेणाऱ्या वकीलबाईंनी पेन थांबवून विचारले, “नावाचं भाडं?” हो, नावाचे भाडे. ते थकले की नाव कोणीही उचलतो, आणि मग माझ्या दारावर पाटी माझी पण आत बसलेला माणूस भलताच, असे होते.

कलम ३. माझा कीबोर्ड कोणालाही देऊ नये. त्यावर चहा सांडलेला आहे आणि तो फक्त माझे ऐकतो.

कलम ४. आता प्रकल्पाविषयी. ताई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. चौतिसाव्या वर्षी तिचा डावा डोळा गेला आणि उजव्यात थोडा उजेड उरला. खिडकी कुठे, भिंत कुठे, पायरीची कड कुठे, एवढे तिला कळायचे. पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीनरीडर तिने महिन्याभरात आत्मसात केला. पण वेबवरचे फॉर्म आले की तो आंधळ्यासारखा चाचपडायचा. रकान्यात नाव लिहायचे की पत्ता, हे त्याला सांगणारे आत काही नसायचेच. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो फॉर्ममध्ये बसवला की प्रत्येक रकाना आपले नाव सांगतो. मी तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. कोणीही वापरावा, उघडून बघावा, दुरुस्त करावा, पुढे द्यावा. आज तो किती ठिकाणी चालतो याचा मला पत्ता नाही, आणि तो नसावा हेच बरोबर आहे.

वकीलबाई म्हणाल्या, “मग याची मालकी कोणाला देताय?”

“देता येत नाही. ती माझ्याकडे राहिलेलीच नाही.”

“म्हणजे कोणाचीच नाही, असं लिहू?”

“नको. सगळ्यांची आहे, असं लिहा. दोन्हींत फार फरक आहे.”

त्यांनी तसे लिहिले आहे.

कलम ५. मालकी नसली तरी चाव्या आहेत. नवी आवृत्ती जगापुढे ठेवण्याचा अधिकार ज्या पासवर्डांनी मिळतो, ते बंद पाकिटात आहेत. ते पाकीट ग्रंथपालबाईंना द्यावे. मी त्यांना कधी पाहिलेले नाही. त्या कुठल्याशा कॉलेजात पुस्तके सांभाळतात आणि नऊ वर्षे माझ्या प्रोग्रामच्या माहितीपत्रातल्या चुका न कंटाळता दुरुस्त करून पाठवतात. त्यांच्याहून हुशार प्रोग्रामर मला रोज भेटले. पण त्यांनी एकदा लिहिले होते, “हा बदल मला समजला नाही, म्हणून मी तो मंजूर करत नाही.” चाव्या अशाच माणसाकडे असाव्यात.

कलम ६. मोठ्या कंपन्यांकडून “अमुक बिघाड शुक्रवारपर्यंत दुरुस्त करावा” अशी पत्रे यापुढेही येतील. फुकट घेतलेल्या वस्तूवर हक्काने ओरडणाऱ्यांना उत्तर देण्याचे बंधन ग्रंथपालबाईंवर नाही. मी दिले. त्यात माझे बरेच रविवार गेले.

कलम ७. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

एकाच्या प्रोग्रामने जग सुधारत नाही. कुठल्याही दुकानातला दिवा कुठल्याही घरातल्या होल्डरात बसतो, कारण त्याचे माप सर्वांनी मिळून ठरवलेले आहे आणि ते सर्वांना वाचता येते. वेबचीही अशीच मापे असतात. त्यांना खुली मानके म्हणतात. ती ठरवणाऱ्या समितीवर मी नऊ वर्षे होते. फॉर्मच्या मानकाचा मसुदा माझा होता. त्यातले एक वाक्य असे होते: “प्रत्येक रकान्याचे आणि चौकटीचे नाव स्क्रीनरीडरला सांगितलेच पाहिजे.”

समितीवर माझा जुना मित्रही होता. बोलायला लागला की थांबत नाही, म्हणून आम्ही त्याला स्वल्पविराम म्हणायचो. माझ्या प्रोग्रामच्या पहिल्या वर्षात निम्मे काम त्याने केले होते. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून आम्ही ते लिहिले. पुढे तो एका बड्या कंपनीत गेला आणि समितीवर तिचा प्रतिनिधी म्हणून बसू लागला. शेवटच्या बैठकीत चहाच्या सुट्टीत त्याने मला जिन्यापाशी गाठले.

“हे ‘सांगितलेच पाहिजे’ काढ,” तो म्हणाला. “आमचे लाखो जुने फॉर्म आहेत. ते बदलायला कंपनी तयार नाही. तू अडून बसलीस तर आम्ही अख्ख्या मानकाच्या विरोधात मत देणार, आणि आमच्यामागे आणखी चारजण. मग तुझ्या हातात काय राहील?”

“मग काय लिहू?”

“‘शक्यतो सांगावे’ लिही. दोन वर्षांनी पुढची आवृत्ती येईल, तेव्हा बदलू. मी स्वतः हात वर करेन.”

मी परत आत गेले आणि तो शब्द घातला. स्वल्पविरामने माझा हात धरला नव्हता. मी थकले होते हे खरे. नऊ वर्षांच्या कामावर आपले नाव छापून आलेले बघायचे होते, हेही तितकेच खरे. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

पुढची आवृत्ती अजून आलेली नाही. त्या बैठकीचे इतिवृत्त स्वल्पविरामला पाठवावे. सोबत चिठ्ठी नको.

कलम ८. त्यानंतर चार वर्षांनी एके सकाळी ताईच्या उजव्या डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखी सावली आली. तिने इस्पितळात फोन केला. तिकडून सांगितले, वेळ वेबसाइटवरूनच घ्यावी लागेल. तिने मला बोलावले नाही. फॉर्म ती स्वतः भरायची आणि त्याचा तिला अभिमान होता. सगळे रकाने नीट बोलले. शेवटी दोन चौकटी होत्या, एक ‘तातडीचे’ आणि दुसरी ‘नेहमीची तपासणी’. स्क्रीनरीडर म्हणाला, “चौकट. चौकट.” तिला वाटले, शेवटची चौकट अटी मान्य असल्याची असेल. तिने दुसरीवर खूण केली.

एकोणिसाव्या दिवशीची वेळ मिळाली. इतक्या गर्दीत हीच लवकरची असेल, असे समजून ती थांबली. तपासताना डॉक्टर म्हणाले, “इतके दिवस कुठे होतात?” आता तिला खिडकी आणि भिंत सारखीच.

घरी येऊन मी तो फॉर्म उघडला. बनवणाऱ्याला कोर्टात खेचायचे ठरवूनच बसले होते. तळाशी लिहिले होते: “हा फॉर्म मानकानुसार आहे.” मी मानक काढून ओळ न् ओळ ताडून पाहिली. तो खरोखरच मानकानुसार होता. ‘शक्यतो’ सांगायचे होते. त्यांना शक्य झाले नव्हते, एवढेच.

हे मी ताईला तीन वर्षे सांगितले नाही. आधीच्या मृत्युपत्रातून गाळलेली गोष्ट ती हीच.

कलम ९. गेल्या महिन्यात मी हा मसुदा घेऊन ताईकडे गेले आणि वरची आठ कलमे तिला वाचून दाखवली. ती टेलिफोनवर ऐकायची तशी, मान किंचित कलती करून, मध्ये न बोलता ऐकत होती.

“म्हणजे त्या फॉर्मवाल्यांची चूक नव्हती?” तिने विचारले.

“नियमाने नव्हती.”

“आणि नियम तुझा.”

“हो.”

तिने टेबलावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, “तीन वर्षं मी स्वतःला बोल लावतेय. वाटायचं, मीच नीट ऐकलं नाही. दोन चौकटी होत्या, एकदा कोणाला विचारलं असतं तर? आणि तू दर आठवड्याला इथं येऊन, समोर बसून चहा पीत होतीस.”

शब्द घातल्याचा अपराध मला ठाऊक होता. या दुसऱ्याचा मी विचारच केला नव्हता.

“आता तू घरी जा,” ती म्हणाली.

सोळा दिवस तिने माझा फोन घेतला नाही. त्या काळात तिने समितीला स्वतः पत्र लिहिले, त्या दोन चौकटींसकट, आणि त्याची प्रत मला पाठवली. प्रतीवर मला उद्देशून मायना नव्हता. तिचे म्हणणे पुढच्या बैठकीत ठेवण्यात येईल, असे उत्तर समितीकडून आले आहे. त्या बैठकीपर्यंत मी असेन असे डॉक्टरांना वाटत नाही. माझ्या जागी तिथे बोलण्याचा अधिकार मी ताईला देत आहे. समितीच्या नियमांत अशी सोय नाही. तरी तिने जावे.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

कलम ११. हे कलम ताईच्या सांगण्यावरून, तिच्याच शब्दांत घातले आहे. सतराव्या दिवशी तिचा फोन आला. “कागद समोर आहे का? लिही,” ती म्हणाली. “तू गेल्यावर लोक जमतील. तेव्हा ‘ताईनं तिला माफ केलं होतं’ असं कोणी म्हणायचं नाही. मी केलेलं नाही. लिहिलंस?”

“लिहिलं.”

“बरं. तोवर रोज फोन करत जा. उचलायचा की नाही, ते मी बघेन.”

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला आहे आणि तो माझ्या मनाप्रमाणे आहे. आम्ही तिघे एका खोलीत असताना, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही करत आहे. हे दोघेही मृत्युपत्रातले काही घेणार नाहीत.

मृत्युपत्र लिहून देणारी: सही

साक्षीदार पहिल्या: पहिल्या मजल्यावर दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाई. लिहून देणारी पूर्ण शुद्धीवर असल्याचे मी तपासून पाहिले आहे. सही

साक्षीदार दुसरे: शेजारच्या दाराचे निवृत्त मुद्रितशोधक. शुद्धलेखनाच्या तीन चुका दाखवल्या, त्यांपैकी दोन त्यांनी मान्य केल्या. सही

स्थळ: राहत्या घरची पुढची खोली
दिनांक: ११ मार्च २०२५, मंगळवार, सकाळी साडेदहा