विहिरींच्या कागदावरचं कुंकू

कुवेंपुनगर, म्हैसूर
२७ सप्टेंबर २०२५, शनिवार

तीर्थरूप मानाजीअण्णांस,

धाकट्या मृदुलाचा नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण माझ्या डॉक्टरांनी आठांपैकी गुडघा या अंगाला सक्त मनाई केली आहे, तेव्हा उरलेल्या सातांवर समाधान मानून घ्या. तुमचा खोकला कसा आहे? वहिनींची कंबर? पिरियापट्टणला पाऊस उघडला का? तंबाखू सुकवायच्या जुन्या कोठीचं छप्पर यंदा गळलं नाही ना? (सहज विचारते. तंबाखू तुम्ही सोडलीत, पण कोठी अजून उभी आहे, आणि उभ्या वास्तूची चौकशी करायला पैसे पडत नाहीत.)

मी बरी आहे, म्हणजे संतापलेली आहे. निवृत्तीनंतर माणसाने बागकाम करावं असं सगळे सांगतात. मी दोन जास्वंदी लावल्या, त्यांच्यावर ओरडून काही उपयोग होत नाही हे लक्षात आलं आणि बागकाम सोडलं. अशात महिन्यापूर्वी सिंचनाचा फोन आला. ही आमच्या केंद्रातली तरुण शास्त्रज्ञ, मी निवृत्त झाल्यावर रुजू झालेली, हुशार आणि मराठीचा गंध नसलेली. फोनवर आधी नुसती मुसमुसत होती.

का मुसमुसत होती हे कळायला माझी नोकरी काय होती ते पुन्हा सांगायला हवं, कारण तुम्ही जन्मभर तिला 'लायब्ररी' म्हणत आलात. मी लायब्ररीत नव्हते, अण्णा. भूजल संशोधन केंद्राच्या अभिलेख विभागाची प्रमुख होते. सहा विहिरींवर आमची सहा यंत्रं असायची. पाण्यावर तरंगता डबा, त्याला जोडलेलं पेन, आणि पेनाखालून मुंगीच्या पावलांनी सरकणारी कागदाची पट्टी. पाणी चढलं की रेघ चढे, उतरलं की उतरे. एक एप्रिलला नवा रोल चढवायचा, वर्षाने काढायचा, पुठ्ठ्याच्या नळीत घालायचा आणि नळीवर तारीख लिहायची. प्रत्येक विहिरीची शाई वेगळ्या रंगाची, ही माझीच शिस्त. बोअरवेलचा सुळसुळाट होण्याआधी जमिनीत पाणी कुठवर होतं, हे आज सांगणारे ते दोनशे रोल सोडून दुसरं कोणी जिवंत नाही. सिंचनाचं सगळं संशोधन त्यांच्यावर उभं आहे.

तर गेल्या वर्षी तपासणी व्हायची होती. प्रशासन अधिकारी भव्या मॅडम अभिलेख खोलीत आल्या, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाल्या, हे काय मळकट? पुठ्ठ्याच्या जुन्या नळ्या भंगारात गेल्या, आणि सगळे रोल एकसारख्या हिरव्या प्लास्टिकच्या नळ्यांत विराजमान झाले. खोली इतकी सुंदर दिसली म्हणे की तपासणी समितीने तिथे फोटो काढून घेतला. तारखा नळ्यांवर होत्या हे कोणाच्या लक्षात आलं तेव्हा नळ्यांचे नवे पुठ्ठे होऊन त्यांतून मिठाई विकली गेली असेल. (आम्हाला कॉन्व्हेंटात सिस्टर फिलोमिना सांगायच्या की तारीख नसलेला कागद म्हणजे बाप्तिस्मा न झालेलं मूल, कुठे पाठवायचं ते देवालाही कळत नाही. भव्या मॅडमना कळलं. त्यांनी लगद्याच्या कारखान्यात पाठवायचं ठरवलं.) स्कॅन झालेले आहेत, मग कागद कशाला, असं त्यांचं म्हणणं. गाडी येत्या सोमवारची.

सिंचनाने पिशवीत लपवून आणलेले चार रोल मी घरी गच्चीवर उलगडले. वारा सुटला. पट्टीचं एक टोक मी धरून होते, दुसरं शेजारच्या शांताक्कांच्या वाळत घातलेल्या पापडांवर जाऊन बसलं. शांताक्का वरून म्हणाल्या, "मृदुलाम्मा, विहीर तुमची, पापड माझे, आता वेगळे कसे करायचे?" तेव्हा लांब, बंद, बिनवाऱ्याची जागा शोधणं आलं, आणि म्हणून मला नाइलाजाने वेंकटरमणांच्या दारात जावं लागलं.

डॉक्टर वेंकटरमण हे आमच्या यंत्र विभागाचे प्रमुख, आणि माझं सबंध आयुष्य कडू करणारा माणूस. तुम्हाला आठवत असेल, मी दर दसऱ्याला तुमच्याकडे येऊन ज्यांच्या नावाने बोटं मोडायची ते हेच. खंडेनवमीला आयुधपूजा म्हणून हे गृहस्थ केळीचे खुंट बांधलेली जीप घेऊन सहाही विहिरींवर जायचे आणि प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लावायचे. यंत्राला लावा, माझी हरकत नव्हती. पण पेनाच्या टोकाशी, चालत्या कागदावरही एक ठसठशीत बोट उमटवायचे. मी लेखी तक्रारी केल्या. हा वैज्ञानिक पुरावा आहे, लग्नपत्रिका नव्हे, असं सभेत बोलले. ते हसून, काही बिघडत नाही अशा थाटात म्हणायचे, "परवागिल्ला मेडम, पाणी वाचतं का कुंकू?"

आता ते गोकुलममध्ये राहतात आणि वरचा मजला त्यांनी योगवर्गाला भाड्याने दिला आहे. लांबच लांब लाकडी जमीन, वारा नाही. सिंचनाने एका विहिरीचे सगळे रोल गुपचूप तिथे आणले; आम्ही ते उलगडले तेव्हा वर्ग चालू होता. वेंकटरमणांनी परदेशी विद्यार्थ्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण ते सगळे मुकाट्याने कागदाच्या दोन्ही कडांना मांडी घालून बसले आणि एकेक गुडघा टेकवून पट्टी सपाट धरून राहिले. एक जर्मन बाई डोळे मिटून बसली होती. तिला वाटलं हाही एक विधी आहे. तिचं तसं फार चुकलं नव्हतं.

कारण तिथेच मला तो डाग दिसला. मग दुसऱ्या रोलवर, मग तिसऱ्यावर. सगळीकडे कुंकवाचं बोट, पण जागा वेगळी. अण्णा, खंडेनवमी तिथीने येते, इंग्रजी तारखेने नाही. कधी सप्टेंबरच्या अखेरीस, कधी ऑक्टोबर उलटत आल्यावर. रोल मात्र एक एप्रिललाच सुरू होतो. तेव्हा सुरुवातीपासून कुंकवापर्यंत पट्टी मोजली की त्या वर्षीच्या नवमीची तारीख मिळते, आणि जुनी पंचांगं उघडली की वर्ष. दोन वर्षांत घोटाळा वाटला तर रेघ बघायची. एका रोलवर पाणी जिथे संपलं, तिथूनच पुढच्या वर्षाचं सुरू होतं. संध्याकाळपर्यंत एका विहिरीची सगळी वर्षं ओळीने लागली. वेंकटरमणांनी नुसती दुसऱ्यांदा कॉफी विचारली, आणि ते मला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

हा आनंद घेऊन मी भव्या मॅडमकडे गेले. त्यांनी कौतुक केलं आणि संगणकावर स्कॅन उघडून दाखवले. पांढरेशुभ्र. स्कॅन करणाऱ्या बेंगळूरच्या कंपनीने चोख काम केलं होतं, एकूण एक डाग पुसून टाकला होता. म्हणजे आता ती बोटं जगात फक्त कागदावर आहेत. मग कागद ठेवा, मी म्हटलं. खोली नाही, त्या म्हणाल्या, तिथे स्वागतकक्ष होतोय. मग मला द्या. अभिलेख बाहेर देता येत नाहीत. रद्दी देता येते का? तर येते. फक्त एका कागदावर सही हवी, की सदर वस्तू निरुपयोगी असल्याची माझी खात्री आहे. जन्मभर ज्यांना वाळवीपासून जपलं त्यांच्याबद्दल मी ही सही केली, अण्णा. तारीखही घातली.

माझ्या दोन खोल्यांत एक रोलसुद्धा जास्त मावत नाही, हे तुम्ही पाहिलेलं आहे. वेंकटरमणांचा वरचा मजला योगाचा, खालचा सुनेचा. असो. तुम्हाला का त्रास देऊ? तब्येतीला जपा, काढा घ्या, वहिनींना नमस्कार.

आपली धाकटी,
मृदुला

ता. क. : तुमच्या कोठीत तंबाखूच्या वासामुळे वाळवी फिरकत नाही, असं तुम्हीच मला अभिमानाने सांगितलं होतं. तुमच्या धनुषला तिथे पाहुण्यांसाठी होमस्टे काढायचा आहे हे ठाऊक आहे. आत्याने पहिली पाहुणी ठरवून ठेवली आहे म्हणावं, रोल वाचायचं काम सुरू झालं की बाकीचे आपोआप येतील. सिंचना दर शनिवारी येईल. ती पाटावर बसते, तिखट खाते.

आणखी एक : हे पत्र ज्याने तुमच्या हातात दिलं तो टपालवाला नाही, टेम्पोचा ड्रायव्हर आहे. अण्णांनी कधीच होकार दिलाय असं मी त्याला सांगितलं आहे, तेव्हा त्याच्यासमोर चेहरा नीट ठेवा. सगळे रोल उतरेपर्यंत त्याला सोडू नका, आणि कॉफी द्या.

शेवटचं : बुधवारी खंडेनवमी. तुम्ही ट्रॅक्टरला कुंकू लावालच, त्यातलं थोडं नळ्यांनाही लावा. कागदाला नको. वेंकटरमण त्या दिवशी सकाळच्या बसने यायचं म्हणताहेत. त्यांनी कागदाला लावलं, तर तुम्ही बघितलं नाही असं मला कळवा.