फाबियोने दिलेली कंबर

४ ऑक्टोबर

घरी आणलं. पोट कापून शिवलंय, दोन्ही कुशींची चरबी ओढून काढलीय. वर फाहा चढवलाय — छातीखालून गुडघ्यापर्यंत आवळणारं कापड, पुढे हुकांच्या रांगा. श्वास अर्धाच जातो. हसायचं नाही, खोकायचं नाही.

वाढदिवसाची भेट! फाबियोने सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं, यंदा बायकोला नवी कंबर देतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

६ ऑक्टोबर

फाबियो बाहेरच्या खोलीत झोपतो. पोटाला लावलेल्या नळीतून लालसर पाणी येतं, त्याचा वास त्याला सोसत नाही म्हणे.

ते पाणी सासूबाई ओततात. अख्खी गल्ली ज्यांना अदबीने ‘दोन्या एनेइदा’ म्हणते, त्या! इतकी वर्षं एका घरात, पण माझ्या हातच्या जेवणाला कधी बरं म्हटलं नाही. आज त्यांनीच मला धरून संडासात नेलं, बसवलं, पुसलंसुद्धा. मला लाजेने रडू आलं. ‘‘रडू नकोस पोरी, टाके ओढतील,’’ म्हणाल्या. मग कोंबडीचं सूप भरवलं. खारट होतं. सगळं संपवलं.

१३ ऑक्टोबर

फाहा धुवायला काढला. आरशात बघितलं — निळी-जांभळी, सुजलेली, गाडीखाली आलेल्या कुत्रीसारखी.

परत चढवताना आम्ही दोघी घामाघूम. एकेका हुकागणिक सासूबाई एकेक शिवी घालत होत्या. आधी वाटलं, मला. नाही, स्वतःच्या पोराला!

२ नोव्हेंबर

उकाडा. फाह्याच्या आत खाज. बेकरीत कामाला गेले तर उभं राहवेना.

२१ नोव्हेंबर

डॉक्टरांनी आणखी लहान मापाचा फाहा दिला. सूज उतरलीय.

संध्याकाळी फाबियोचे मित्र आले. त्याने मला गोल फिरून दाखवायला सांगितलं. फिरले. ‘‘इंजिन जुनंच, पत्रा तेवढा नवा,’’ म्हणाला. हसले सगळे. सासूबाईंनी त्याच्यापुढची बाटली उचलली आणि आत नेऊन ठेवली.

२६ डिसेंबर

जत्रेचे दिवस. अख्खं काली शहर नाचतंय. लाल झगा घातला. बसला अंगावर, चांगला बसला. खोटं कशाला बोलू?

एका म्हाताऱ्या गृहस्थाने अदबीने नाचायला विचारलं. एकाच गाण्यावर नाचले. फाबियोने दंड धरून घरी आणलं आणि एक ढगळ सदरा अंगावर फेकला. ‘‘उद्यापासून हे घालायचं.’’

पोट होतं तेव्हा याला माझी लाज वाटायची. आता नाही, तर लोक बघतात म्हणून राग. मग मी असायला हवं होतं तरी कसं? आणि हे कळायला अंग फाडून घ्यावं लागलं!

तो झोपल्यावर सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. पाल्मिरा गावात तुझ्या बहिणीच्या घरी खोल्या किती, विचारलं. मी म्हटलं, रिकामी एकच आहे.

‘‘पुरे,’’ म्हणाल्या.

२८ डिसेंबर

फाबियो कामावर गेला. मी पिशवी भरली, टॅक्सी बोलावली. बसून दार ओढणार, तोच सासूबाई आल्या. काखेत कपड्यांचं गाठोडं.

‘‘सरक जरा,’’ म्हणाल्या.